हडसनचा काठ आणि मुठेचा काठ

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा भारतीय सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात पोहोचली होती. या प्रचंड सैन्याचे नेतृत्व प्रामुख्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे होते आणि ते अधिकारी आज ना उद्या मायदेशी परतणार, हेही स्पष्ट दिसत होते. त्यांच्या जागी येणारे भारतीय तरुण कोठे शिकावेत, कोणत्या वयात शिकावेत आणि त्यांना नेमके काय शिकवावे, या प्रश्नांचा निर्णय लांबणीवर टाकणे आता शक्य नव्हते. म्हणून १९४५ मध्ये सरसेनापती सर क्लॉड ऑकिन्लेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. समितीने निरनिराळ्या देशांतील सैनिकी शिक्षणसंस्थांचा अभ्यास केला आणि डिसेंबर १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांसाठी एकच संयुक्त संस्था असावी आणि तिची उभारणी अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यालयाच्या धर्तीवर व्हावी, अशी तिची मुख्य शिफारस होती.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयाकाठी उभी असलेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी ही त्या शिफारशीचीच फलश्रुती होय. हडसन नदीच्या काठावरील एक नमुना मुठा नदीच्या काठावर रुजताना त्यातील काय स्वीकारले गेले, काय टाकून दिले गेले आणि काय नव्याने निर्माण झाले, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम त्या काळातील अमेरिकन विद्यार्थिजीवनाकडे वळणे आवश्यक आहे.

अमेरिकन महाविद्यालय आणि युद्ध

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील महाविद्यालयीन जीवन मोठ्या स्थित्यंतरातून जात होते. युद्धापूर्वी उच्च शिक्षण हे बव्हंशी सुस्थित कुटुंबांतील मुलांपुरते मर्यादित होते. वसतिगृहातील वास्तव्य, ग्रीक मुळाक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थिमंडळे, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी घालावयाच्या विशिष्ट टोप्या, फुटबॉलचे सामने आणि त्याभोवतीचा जल्लोष, हे त्या जीवनाचे परिचित रूप होते. संस्था स्वतःला विद्यार्थ्यांच्या पालकांच्या जागी मानीत असे. मुलींच्या वसतिगृहात रात्री परतण्याची वेळ ठरलेली असे आणि तिचा भंग झाल्यास शिक्षा होत असे.

जून १९४४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने युद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी एक कायदा केला आणि या चित्राला मोठा धक्का बसला. या कायद्यान्वये शिक्षणाच्या शुल्कापोटी वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची रक्कम सरकार भरत असे आणि निर्वाहासाठी अविवाहितास दरमहा ५० व कुटुंबवत्सल माणसास ७५ डॉलर देत असे. सुमारे २२ लाख माजी सैनिकांनी या तरतुदीचा आधार घेऊन महाविद्यालयाची पायरी चढली. १९४७ साली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. वर्गात पंचवीस-तीस वर्षांचे, संसारी, रणांगण पाहून आलेले विद्यार्थी अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बसू लागले. अर्धगोल छपरांच्या लष्करी पत्र्यांच्या झोपड्यांतून त्यांची बिऱ्हाडे मांडली गेली. अशा विद्यार्थ्यांना नवागताची टोपी घालावयास सांगणे हास्यास्पद ठरले, आणि कित्येक जुन्या प्रथा आपोआप मागे पडल्या.

महाविद्यालय आणि सैन्य यांचा संबंध अमेरिकेत याहून जुना आहे. १८६२ च्या कायद्याने ज्या महाविद्यालयांना सरकारी जमिनी मिळाल्या, त्यांनी शेती व यंत्रविद्येबरोबर सैनिकी शिक्षणाचीही सोय करणे बंधनकारक होते. १९१६ मध्ये त्यातूनच राखीव अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची देशव्यापी योजना निघाली. अनेक राज्य विद्यापीठांत पहिली दोन वर्षे मुलांना कवायत सक्तीची असे; ही सक्ती १९६० नंतरच्या वर्षांत ठिकठिकाणी उठली. भारतातील राष्ट्रीय छात्रसेनेची वाटचालही काहीशी अशीच झाली. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीनंतर १९४८ च्या कायद्याने ती स्थापन झाली, चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धानंतर महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. राष्ट्र संकटात असताना कवायतीची सक्ती तरुणांना पटते. संकट ओसरले की तीच सक्ती जाचक वाटू लागते, हा दोन्ही देशांचा अनुभव आहे.

वेस्ट पॉइंटचा साचा

वेस्ट पॉइंटची स्थापना १८०२ साली झाली. तिला आजचे स्वरूप दिले ते १८१७ ते १८३३ या काळात अधीक्षक असलेल्या सिल्व्हेनस थेअर यांनी. वर्ग लहान असावेत, प्रत्येक विद्यार्थ्याने रोजचा पाठ रोज तयार करून यावे, शिक्षकाने त्याला फळ्यापाशी उभे करून तपासावे आणि त्याच दिवशी गुण द्यावेत, ही त्यांची पद्धत होती. या गुणांवरून प्रत्येकाचा क्रम लागे आणि त्या क्रमावर पुढील नेमणूक अवलंबून असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वांना एकच अभ्यासक्रम होता. त्यात गणित आणि स्थापत्यविद्येचा भाग मोठा असे आणि विषय निवडण्याची मुभा जवळपास नसे.

या विद्यालयातील छात्र शुल्क भरत नसे, उलट त्यालाच वेतन मिळत असे. प्रवेश मात्र प्रामुख्याने काँग्रेसच्या सदस्यांच्या शिफारशीने होई. पहिल्या वर्षाच्या छात्राला ‘प्लीब’ म्हणत. उन्हाळ्यातील पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या अंगचे घरगुती वळण मोडून काढले जाई. हनुवटी मागे ओढून ताठ उभे राहणे, जेवताना नजर ताटावरून न हलविणे, वरिष्ठ विचारील ती निरर्थक माहिती तोंडपाठ म्हणून दाखविणे, ही त्याची दिनचर्या असे. नाताळातही त्याला घरी जाता येत नसे. चुकणाऱ्या छात्रास खांद्यावर बंदूक घेऊन ठराविक तास चौकात येरझारा घालाव्या लागत.

या कठोरपणाच्या मुळाशी एक विचार होता. ज्याला पुढे इतरांना आज्ञा द्यावयाच्या आहेत, त्याने आधी आज्ञापालनाची कसोटी सोसली पाहिजे, असा तो विचार. पण या विचाराचा आधार घेऊन वरिष्ठांनी कनिष्ठांचा जो छळ चालविला, त्याचा इतिहास तितकाच जुना आहे. ऑस्कर बूझ नावाच्या माजी छात्राचा १९०० साली मृत्यू झाला. वेस्ट पॉइंट येथे त्याला सोसाव्या लागलेल्या छळामुळे तो ओढवल्याचा आरोप झाला, आणि १९०१ मध्ये काँग्रेसच्या समितीने त्याची चौकशी केली. त्या चौकशीत साक्ष द्यावी लागलेल्या छात्रांमध्ये डग्लस मॅकआर्थर हेही होते. पुढे १९१९ ते १९२२ या काळात ते त्याच विद्यालयाचे अधीक्षक झाले, तेव्हा छळाच्या प्रथांना आळा घालण्यासाठी त्यांनी नवागतांचे शिक्षण वरिष्ठ छात्रांकडून काढून अधिकाऱ्यांकडे सोपविण्याचा प्रयत्न केला. प्रथा मोडण्यापेक्षा प्रथा पाडणे सोपे असते, याचा अनुभव त्यांनाही आला.

छळ नेहमी हाताने किंवा शब्दानेच होतो असे नाही. बेंजामिन डेव्हिस हा कृष्णवर्णीय छात्र १९३२ मध्ये वेस्ट पॉइंट येथे दाखल झाला. पुढील चार वर्षे कर्तव्याच्या कामाखेरीज त्याच्याशी कोणीही बोलले नाही. खोलीत तो एकटा राहिला आणि पंक्तीत मुक्याने जेवला. १९३६ मध्ये २७६ जणांच्या तुकडीत ३५ वा क्रमांक मिळवून तो बाहेर पडला आणि पुढे वायुदलात सेनापतिपदाला पोहोचला. ज्या मराठी वाचकांना पाणवठ्यावरील आणि पंक्तीतील बहिष्कार ठाऊक आहे, त्यांना या मौनाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

वेस्ट पॉइंटचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे तेथील सचोटीचा दंडक. छात्राने खोटे बोलू नये, फसवू नये, चोरी करू नये आणि असे करणाऱ्यास पाठीशीही घालू नये, असा तो दंडक असून त्याची अंमलबजावणी छात्रांच्याच समितीकडे असे. या दंडकाची परीक्षा १९५१ मध्ये झाली. छात्रांच्या दोन पलटणी होत्या आणि दोघींना एकच प्रश्नपत्रिका लागोपाठच्या दोन दिवशी दिली जाई. पहिल्या दिवशीचा छात्र दुसऱ्यास प्रश्न सांगणार नाही, असा विश्वास त्यामागे होता. फुटबॉल संघाच्या खेळाडूंना सराव आणि अभ्यास यांचा मेळ घालता येईना, तेव्हा त्यांच्यासाठी प्रश्न फोडले जाऊ लागले. प्रकरण उघडकीस आले आणि सुमारे ९० छात्रांना विद्यालय सोडावे लागले. त्यांत संघाच्या मुख्य प्रशिक्षकाचा मुलगाही होता. शिक्षा कठोर आहे असे अनेकांना वाटले. परंतु यातून जो प्रश्न पुढे आला, तो शिक्षेपेक्षा गहन होता. मित्राशी इमान राखावे की नियमाशी? सैन्यात दोन्ही इमानांची गरज असते, आणि ती एकमेकांविरुद्ध उभी राहिली म्हणजे काय करावे, हे कोणत्याही नियमावलीत पूर्णपणे लिहिता येत नाही.

भारतातील पूर्वपीठिका

सैनिकी शिक्षणासाठी अमेरिकेकडे पाहण्याचा विचार मराठी माणसाला नवा नव्हता. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात कॅलिफोर्नियातील सॅन राफाएल येथे तामलपाईस सैनिकी विद्यालयात शिक्षण घेतले होते. ज्या काळात स्वदेशात हिंदी तरुणाला सैन्यातील अधिकारपदाचा दरवाजा बंद होता, त्या काळात सशस्त्र उठावाची तयारी म्हणून त्यांनी हा मार्ग पत्करला. पुढे ते गदर चळवळीत सामील झाले आणि अखेर मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले.

देशातही प्रयत्न चालू होते. डेहराडून येथे १९२२ मध्ये सैनिकी शाळा आणि १९३२ मध्ये भारतीय सैनिकी प्रबोधिनी सुरू झाली. तिच्या पहिल्या तुकडीत चाळीस छात्र होते आणि त्यांपैकी एक सॅम माणेकशा होते. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिक येथे भोसला सैनिकी शाळा स्थापन केली. या सर्व संस्थांचा भर भूदलावर होता. तिन्ही दलांचे एकत्र शिक्षण हा विचार पुढे आणला तो महायुद्धाने. समुद्रातून सैन्य किनाऱ्यावर उतरविणे, त्याला आकाशातून संरक्षण देणे आणि त्याची रसद चालू ठेवणे, ही कामे तिन्ही दलांनी परस्परांची भाषा जाणल्याशिवाय होत नाहीत, हा त्या युद्धाचा धडा होता.

प्रबोधिनीच्या उभारणीला पैशाचा पहिला आधार मिळाला तोही युद्धातूनच. पूर्व आफ्रिकेतील १९४१ च्या मोहिमेत भारतीय सैन्याने इटालियन फौजांचा पराभव केला. केरेनच्या अवघड डोंगरावर झालेल्या लढाईत मराठा पलटणीही लढल्या होत्या. या पराक्रमाबद्दल कृतज्ञता म्हणून सुदानच्या सरकारने युद्धस्मारकासाठी एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर त्यांपैकी सत्तर हजार पौंड भारताच्या वाट्याला आले. हे धन दगडी स्तंभावर खर्च न करता विद्यालयासाठी वापरावे, असे ठरले. प्रबोधिनीची मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ या नावाने ओळखली जाते ती यामुळेच. स्वतंत्र झालेल्या सुदानच्या राजदूतांच्या हस्ते १९५९ मध्ये तिचे उद्घाटन झाले.

डेहराडूनहून खडकवासल्यास

कायमची वास्तू तयार होईपर्यंत वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. म्हणून १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडून येथे संयुक्त शाखा सुरू करण्यात आली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी खडकवासला येथे कोनशिला बसविली. ही जागा निवडण्यामागे व्यवहारी कारणे होती. पोहणे, वल्हविणे व शिडाची होडी हाकणे यांसाठी जलाशय होता, भूदलाच्या सरावासाठी सह्याद्रीचे डोंगर होते, लोहगावचा विमानतळ जवळ होता आणि अरबी समुद्रही फारसा दूर नव्हता. युद्धकाळात याच परिसरात संयुक्त मोहिमांचे एक प्रशिक्षण केंद्र होते. मुंबई राज्याच्या सरकारने सात हजार एकरांहून अधिक जमीन दिली. ऑक्टोबर १९५१ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला. ७ डिसेंबर १९५४ रोजी प्रबोधिनी खडकवासल्यास कार्यरत झाली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचा उद्घाटन समारंभ झाला. खडकवासल्याचे पहिले समादेशक मेजर जनरल इनायत हबीबुल्ला हे होते. ‘सेवा परमो धर्मः’ हे बोधवाक्य संस्थेने स्वीकारले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या वेस्ट पॉइंटचा नमुना समोर ठेवला होता, ती संस्था केवळ भूदलाची होती. अमेरिकेचे नौदल १८४५ पासून ॲनापोलिस येथे आपले अधिकारी स्वतंत्रपणे घडवीत होते. आणि भारतातील संयुक्त प्रबोधिनी ज्या १९५४ साली खडकवासल्यास कार्यरत झाली, त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या वायुदलासाठी तिसरी, वेगळी संस्था स्थापण्याचा कायदा केला. म्हणजे नमुना अमेरिकेचा असला, तरी त्याचा गाभा भारताने बदलला होता. गुरूने तीन घरे मांडली, शिष्याने एकच घर बांधले, असे या फरकाचे वर्णन करता येईल.

छात्राचा दिवस

प्रबोधिनीतील शिक्षण तीन वर्षांचे, म्हणजे सहा सत्रांचे असते. त्यानंतर छात्र आपापल्या दलाच्या संस्थेत पुढील शिक्षणासाठी जातो. या तीन वर्षांत त्याचे घर म्हणजे त्याची स्क्वाड्रन. प्रांत, भाषा किंवा धर्म पाहून स्क्वाड्रनची वाटणी होत नाही. जुन्या भारतीय सैन्यातील कित्येक पलटणी विशिष्ट जातीजमातींच्या नावाने उभ्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या व्यवस्थेचे महत्त्व कळते. साताऱ्याचा मुलगा, मणिपूरचा मुलगा आणि भटिंड्याचा मुलगा एकाच माडीवर राहतात, एकाच पंक्तीला जेवतात आणि स्पर्धेत एकाच झेंड्याखाली धावतात.

दिवस पहाटे सुरू होतो. हजेरी, कवायत किंवा शारीरिक शिक्षण, न्याहारी, त्यानंतर दुपारपर्यंत वर्ग, दुपारी मैदानी खेळ, संध्याकाळी अभ्यासाचे तास आणि ठरलेल्या वेळी दिवे बंद, हा त्याचा क्रम. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी छात्र सायकलींवरून रांगेने जातात. विस्तीर्ण आवारात हा ओळीने धावणारा सायकलींचा ताफा प्रबोधिनीची खूणच होऊन बसला आहे. घोडेस्वारी, पोहणे, मुष्टियुद्ध यांतून कोणाची सुटका नसते. पहिल्या सत्रातील मुलाने पूर्वी कधी हातमोजे चढविले नसले, तरी त्याला मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरावेच लागते. जिंकणे हा त्यामागील हेतू नसतो. समोरून ठोसा येत असता डोळे मिटू नयेत, एवढेच शिकवावयाचे असते. पुढील सत्रांत डोंगरांतून मुक्कामी शिबिरे होतात. त्यांपैकी एका शिबिराला तोरण्याचे नाव दिलेले आहे. सिंहगड तर डोळ्यांसमोरच उभा असतो, आणि त्याची चढण हा छात्रांच्या शिक्षणाचाच एक भाग झालेला आहे.

वर्गातील अभ्यासाला प्रबोधिनीत दुय्यम स्थान नाही. १९७० च्या दशकापासून येथील यशस्वी छात्रांना नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळू लागली. वेस्ट पॉइंटच्या जुन्या एकसाची अभ्यासक्रमाहून वेगळी अशी विज्ञान आणि कला या दोन्ही शाखांची सोय येथे झाली. सैनिकाने इतिहास आणि राज्यशास्त्र का शिकावे, असा प्रश्न क्वचित विचारला जातो. ज्याला लोकशाही राष्ट्रात शस्त्र हाती घ्यावयाचे आहे, त्याला ते शस्त्र कोणाच्या आज्ञेने आणि कोणत्या मर्यादेत उचलावयाचे हे समजले पाहिजे, हे त्याचे उत्तर.

आवारात ‘हट ऑफ रिमेंब्रन्स’ नावाची एक लहान वास्तू आहे. छात्रांनी श्रमदानाने उभारलेल्या या वास्तूत कर्तव्य बजावताना प्राणार्पण केलेल्या माजी छात्रांचे स्मरण केले जाते. काँगोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत १९६१ साली धारातीर्थी पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया, १९७१ च्या युद्धातील सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणि १९९९ च्या कारगिल युद्धातील कॅप्टन मनोजकुमार पांडे हे प्रबोधिनीचे तीन परमवीरचक्राचे मानकरी. तिघांनाही हा सन्मान मरणोत्तर मिळाला. ज्या मैदानावर संचलन होते त्याला खेत्रपालांचे नाव आहे. वीरगती प्राप्त झाली तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते, ही गोष्ट तेथे उभ्या असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला निराळी सांगावी लागत नाही.

शिस्त आणि रगडा

छात्रांच्या बोलीत ‘रगडा’ हा शब्द रूढ आहे. चुकीबद्दल जमिनीवर कोलांट्या घालावयास लावणे, सामान घेऊन धावावयास लावणे, सुटीच्या दिवशी बाहेर जाण्यास मनाई करणे, अशा शिक्षांना उद्देशून तो वापरला जातो. शरीराला थकवा सोसण्याची सवय व्हावी, राग आला तरी चेहरा स्थिर राहावा आणि एकाच्या चुकीची किंमत सर्वांना मोजावी लागते हे ठसावे, असे त्याचे समर्थन केले जाते. या समर्थनात तथ्य आहे. रणांगणावरील थकवा आणि भीती वर्गात बसून शिकविता येत नाही.

परंतु शिस्त आणि छळ यांतील रेषा येथेच ओढावी लागते. जी शिक्षा नियमात लिहिलेली आहे, जी देणारा तिच्याबद्दल जबाबदार आहे आणि जी छात्राला अधिक समर्थ करून सोडते, ती शिस्त. जी रात्री बंद दाराआड, केवळ ‘आम्हीही हे सोसले’ एवढ्याच आधारावर दिली जाते, तो छळ. वेस्ट पॉइंटच्या इतिहासातून दिसून आलेली गोष्ट अशी की, अधिकाऱ्यांनी पाठ फिरविली की वरिष्ठ छात्र ही रेषा सहज पुसून टाकतात. त्यांना दुष्ट म्हणून नव्हे, तर सतरा-अठराव्या वर्षी दुसऱ्यावर मिळालेली सत्ता तोलून वापरण्याइतकी परिपक्वता सर्वांपाशी नसते म्हणून. नागरी महाविद्यालयांतील अशाच प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदा केला. सैनिकी संस्थेत कष्ट अपरिहार्य असल्यामुळे तेथे ही दक्षता अधिक काटेकोर असावी लागते. आपल्या हाताखालील माणसाचा मान राखणे हा अधिकाऱ्याचा पहिला गुण असेल, तर त्याचा पहिला पाठ त्याच्या स्वतःच्या खोलीच्या दारापासूनच सुरू झाला पाहिजे.

दरवाजा कोणासाठी उघडा

प्रवेशाच्या बाबतीत भारताने अमेरिकन पद्धत स्वीकारली नाही. लोकप्रतिनिधीच्या शिफारशीऐवजी संघ लोकसेवा आयोगाची खुली लेखी परीक्षा आणि त्यानंतर निवड मंडळाची कसोटी, असा मार्ग ठरला. निवड मंडळापुढे उमेदवार काही दिवस राहतो. मानसशास्त्रीय चाचण्या, गटाने सोडवावयाच्या अडचणी आणि मुलाखत यांतून त्याची पारख होते. एखादा ओंडका, दोन दोर आणि एक फळी देऊन काल्पनिक ओढा पार करावयास सांगितले जाते. कोण मोठ्याने बोलतो यापेक्षा कोणाचे म्हणणे इतरांना पटते, आणि बेत फसल्यावर कोण शांत राहतो, हे परीक्षक पाहतात. शिक्षण, निवास आणि भोजन यांचा खर्च सरकार सोसते. गरीब घरच्या मुलाला या वाटेने अधिकारी होता येते, हे या व्यवस्थेचे मोठे श्रेय आहे.

तथापि खुला दरवाजा आणि तेथपर्यंत पोहोचण्याची वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुण्यापासून सुमारे सतरा किलोमीटरवर असलेली ही संस्था महाराष्ट्रातील खेड्यांतील मुलांना मात्र फार दूरची वाटत आली. प्रबोधिनीतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी; निवड मंडळापुढील संभाषणातही इंग्रजीचा धाक. ही दरी बुजविण्यासाठी शासनाने शाळा उभारल्या. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यास सुरू झाली. त्यानंतर १९७७ मध्ये महाराष्ट्र शासनाने औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सेवापूर्व प्रशिक्षणाची संस्था स्थापन केली. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दोन वर्षे तयारी करवून प्रबोधिनीच्या परीक्षेस बसविणे हे तिचे काम. जवान म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणाऱ्या सातारा-सांगलीच्या घरांतून अधिकारीही निघावेत, ही त्यामागील आकांक्षा होती.

मुलींसाठी हा दरवाजा दीर्घकाळ बंदच होता. वेस्ट पॉइंटने १९७६ मध्ये पहिल्या मुलींना प्रवेश दिला आणि १९८० मध्ये त्यांपैकी ६२ जणी पदवीधर झाल्या. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेल्या अंतरिम आदेशानंतर मुलींना परीक्षेस बसता आले. २०२२ मध्ये पहिल्या छात्रा खडकवासल्यास दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी १७ जणी दीक्षांत संचलन करून बाहेर पडल्या. मुलींच्या शिक्षणाची पहिली शाळा ज्या पुण्यात १८४८ मध्ये फुले दांपत्याने चालविली, त्याच पुण्याच्या परिसरात हा टप्पा गाठला जावा, यात एक औचित्य आहे.

एका घराचे फळ

तिन्ही दलांना एकत्र शिकविण्याचा प्रयोग फळाला आला की नाही, हे ठरविण्यास चाळीस वर्षे जावी लागली. डेहराडूनच्या संयुक्त शाखेत १९४९ साली जी पहिली तुकडी दाखल झाली, तिच्यातील तीन छात्र १९९१ मध्ये एकाच वेळी तिन्ही दलांचे प्रमुख होते : भूदलाचे जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज, नौदलाचे ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास आणि वायुदलाचे एअर चीफ मार्शल निर्मलचंद्र सुरी. २०१९ च्या अखेरीस असाच योग पुन्हा आला. ३१ डिसेंबर रोजी पुण्याचे जनरल मनोज मुकुंद नरवणे भूदलप्रमुख झाले, तेव्हा नौदलाचे ॲडमिरल करमबीर सिंग आणि वायुदलाचे एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंग भदौरिया हे त्यांचे प्रबोधिनीतील ५६ व्या तुकडीचे सहाध्यायी होते.

अशा योगायोगांवरून संस्थेचे मोल ठरवावयाचे नसते. तीन माणसे एकत्र शिकली म्हणजे तीन दलांतील सर्व मतभेद मिटले, असेही होत नाही. पैसा, शस्त्रे आणि अधिकार यांवरून त्यांच्यात वाद होतच राहतात. पण ज्याच्याशी वाद घालावयाचा तो मनुष्य कोणे एके काळी आपल्या शेजारच्या खोलीत राहत होता, त्याच सिंहगडाच्या चढणीवर त्याचेही पाय थकले होते, ही आठवण वादाला मर्यादा घालते. ऑकिन्लेक समितीने कागदावर जे अपेक्षिले होते, ते बहुधा इतकेच होते.

दीक्षांत संचलनाच्या अखेरीस उत्तीर्ण छात्र संथ पावलांनी ‘अंतिम पग’ नावाची एक रेषा ओलांडतात. रेषेच्या अलीकडे तो छात्र असतो आणि पलीकडे त्याच्यावर देशाची आणि हाताखालील माणसांची जबाबदारी येऊ घातलेली असते. वेस्ट पॉइंट असो वा खडकवासला, सक्तीची पहाट, सचोटीचा दंडक, रिंगणातील ठोसा आणि पंक्तीतील समता या सर्वांचा हिशेब त्या रेषेपलीकडेच होतो. ज्या जवानाने त्या तरुणाला कधी पाहिलेले नसते, तो एके दिवशी त्याच्या शब्दावर आपला जीव टाकणार असतो. त्या विश्वासास पात्र असा माणूस घडविणे, हेच अशा विद्यालयांचे प्रयोजन होय.